लेखिकेचं नाव सांगणार नाही

लोक मला अजून फोन करतात. कुणी पीएचडी करणारा असतो, कुणी पत्रकार, कुणी नुसताच चौकस. सुरुवात माझ्या गुडघ्यांच्या चौकशीने होते आणि तिसऱ्या वाक्याला गाडी मुक्कामावर येते. "मॅडम, आता तर तुम्ही रिटायर झालात. आता सांगायला काय हरकत आहे? शशी कातळे म्हणजे नक्की कोण?" या अंकाच्या संपादकांनीही लेख मागताना आडून आडून तेच सुचवलं. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. नाव सांगणार नाही. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी पान उलटून पुढच्या कथेकडे जावं. बाकीच्यांनी बसावं. बाकी सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं प्रकाशन होतं. एका बाजूच्या गाळ्यात बेअरिंगचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूच्या गाळ्यात खाकऱ्याचं पॅकिंग. लेखक पहिल्यांदा यायचे तेव्हा त्यांचा चेहरा पडायचा. साहित्याचं काम भाजलेल्या पिठाच्या वासात आणि मशीनच्या खडखडाटात चालतं हे त्यांना झेपत नसे. मला झेपायचं. माझे बाबा घाटकोपरला लेथ मशीनवर कामाला होते, आई एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी संपादक झाले म्हणजे नक्की काय झाले हे आईला कधी नीट समजलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "लोकांच्या चुका काढते आणि त्याचा तिला पगार मिळतो." याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

आमचे मालक मालवणकडचे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊंना विज्ञानकादंबऱ्यांचं वेड होतं आणि त्या वेडापायी आमच्याकडे महाराष्ट्रभरातून यानं, यंत्रमानव आणि परग्रह येऊन पडत. विज्ञानकादंबरी तपासायची म्हणजे विज्ञान तपासायचं असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. लेखकाने आपल्या जगाचे जे नियम केलेत ते तो स्वतः पाळतो का, हे बघायचं असतं. तुमच्या ग्रहावर माणसं उडतात ना, मग तिथे जिने कशाला? असले प्रश्न विचारून मी पुष्कळ माणसांच्या शिव्या खाल्ल्यात.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि आमच्याकडच्या कादंबऱ्यांचा नूर पालटला. यानं मागे पडली. दर दुसऱ्या हस्तलिखितात एक शहर असायचं, तिथे सगळ्यांवर नजर ठेवली जायची, आणि एका भल्या नायकामागे बातमीवाले हात धुऊन लागायचे. खासगी आयुष्य संपलं, संपलं म्हणून सगळे लेखक एका सुरात रडत होते. मी मात्र प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारायचे. बटण कोणाच्या हातात आहे? कोण बघतंय, आणि त्याला कोण बघतंय? अर्ध्या कादंबऱ्या तिथेच आडव्या व्हायच्या.

बोरिवलीचे एक निवृत्त इंजिनियर होते. त्यांच्या शहरात आकाशातून प्रत्येक घरात बघता यायचं, भिंतींच्या आरपार. मी म्हटलं, "साहेब, मग लोक आंघोळ कशी करतात?"

"हा काय प्रश्न झाला?" ते भडकले. "कादंबरी तत्त्वचिंतनात्मक आहे."

"असू दे की. पण बाथरूमला कडी आहे का नाही?"

ते हस्तलिखित घेऊन तरातरा निघून गेले. दुसरे एक अंधेरीचे लेखक. त्यांच्या कादंबरीत वाहिन्यांनी पिच्छा पुरवल्यामुळे नायक वेडा होतो. वर्णन झकास होतं, मी मनापासून दाद दिली. पुस्तक छापून आलं त्या दिवशी या गृहस्थांनी प्रत्येक वाहिनीला फोन करून विचारलं, "माझी मुलाखत कधी घेताय?" एकही आली नाही. ते खरोखरच खंगले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. खासगीपणा त्यांना जन्मापासून मिळालेला होता. स्वतंत्र खोली, खोलीला दार, दाराला कडी. कादंबरीत ते गेलं की जग बुडालं. आणि मी घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका खोलीत सहा माणसांबरोबर वाढलेली. मला वाटायचं, अरे, हे तुमचं भयंकर भविष्य म्हणजे आमचा मंगळवार आहे.

अशात एक दिवस शशी गाळ्यात आली. शशी हे टोपणनाव, तेच वापरते. तिशीची बाई, अंगावर सिक्युरिटी कंपनीचा गणवेश, हातात सायबर कॅफेमधून टाइप करून घेतलेला गठ्ठा. मराठी घेऊन एम.ए. झालेली, तिच्या घरातली तीच पहिली. नोकरी मात्र मुलुंडच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये, तळघरातल्या खोलीत कॅमेऱ्यांच्या पडद्यांपुढे बसायची. लिफ्ट, जिने, पार्किंग, बाग, सगळं तिच्यासमोर. घरात ती, आई आणि धाकटा आजारी भाऊ. चूल तिच्या पगारावर.

कादंबरीचं नाव होतं 'बिनपापण्यांचं शहर'. मी पहिलं पान सहज वाचायला घेतलं आणि शेजारच्या मशीनचा आवाज ऐकू यायचा बंद झाला. शहर तसंच, भिंतींना डोळे असलेलं. एका मुलीचं लिफ्टमध्ये वडिलांशी भांडण होतं, ते दृश्य शहरभर दाखवलं जातं आणि तिच्या दाराशी बातमीवाल्यांचे तंबू पडतात. इथवर ओळखीचं. पण मुलगी पळून जाते ती एका वस्तीत. तिथल्या माणसांना भिंती कधी नव्हत्याच. म्हणून त्यांनी वेगळीच विद्या कमावलेली असते. न बघण्याची.

ज्यांना वस्ती ठाऊक नाही त्यांना हे सांगावं लागेल. दहा बाय बाराच्या खोल्या एकमेकींना टेकून उभ्या असतात तेव्हा शेजारच्या घरातला उसासासुद्धा ऐकू येतो. मग काय करायचं? शेजारी नवरा-बायकोचं वाजलं की आपला टीव्ही मोठा करायचा. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून नव्हे. ऐकू येतंच. दुसऱ्या दिवशी नळावर ती बाई भेटली की "काल काय ती मालिका लागली होती गं!" असं म्हणता यावं म्हणून. मोरीत बाई आंघोळीला बसली की दारातले पुरुष रस्त्याकडे तोंड करून बसतात. त्यांना कुणी सांगत नाही. आमच्यात चहाड्या होत नाहीत असं नाही, चिक्कार होतात. पण नजर कधी वळवायची ते लहान पोरालाही कळतं. शशीचं म्हणणं एवढंच होतं की यंत्राला पापणी नसते, आणि ज्यांना सतत यंत्रातून बघायची सवय लागते त्यांचीही हळूहळू झडते.

बटण कोणाच्या हातात, हा प्रश्न मला विचारावाच लागला नाही. बटण तिच्या हातात होतं. रोज, दिवसपाळीला.

आमचं भांडण झालं ते नावावरून. तिला टोपणनाव हवं होतं. मी ऐकेना. मी म्हटलं, "आपल्या लोकांनी छापील नावासाठी किती झटापट केलीय, माहितीये ना? माझ्या बापाने निकालाच्या पेपरातलं माझं नाव कापून पाकिटात ठेवलं होतं. आणि तू लपवतेस? आडनाव बघून लोक काय म्हणतील म्हणून?"

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, पूर्वी आपल्याला नाव लपवायला लावायचे. आता मी लपवतेय. फरक आहे."

"काय फरक?"

"बटण माझ्याकडे आहे."

मग तिने साधी गोष्ट सांगितली. नाव कळलं तर कॉम्प्लेक्समधले लोक कादंबरीत स्वतःला शोधतील. तिने त्यांच्यातल्या कुणालाही त्यात घेतलं नव्हतं, पण सापडायचं त्याला सापडतंच. नोकरी त्याच दिवशी जाईल. आणि दुसरं म्हणजे, कादंबरी बाजूला राहील आणि लोक तिच्या खोलीचे फोटो काढायला येतील.

हे दुसरं मला लगेच पटलं. मी बी.ए. झाले तेव्हा एका स्थानिक पेपरवाल्याने आमच्याकडे फोटोग्राफर पाठवला होता. त्याला आई स्वयंपाक करताना हवी होती. आमच्याकडे गॅस होता. त्याने शेजारून रॉकेलचा स्टोव्ह मागून आणला, आईला त्याच्यापुढे बसवलं आणि मला तिच्या मागे पुस्तक घेऊन उभं केलं. आमची खोली पक्की होती, वर स्लॅब होता. पेपरात आलं, 'झोपडीतला दिवा'. मला कोणत्या विषयात किती गुण पडले याचा एक शब्द नाही. आई महिनाभर चिडलेली होती. "घासलेट दुसऱ्याचं, आणि गरीब आम्ही!"

तर पुस्तक शशी कातळे या नावाने आलं. आडनाव तिनेच घडवलं. त्यावरून काहीच कळत नाही हीच त्याची खुबी. समीक्षक फोन करून विचारायचे, "कातळे म्हणजे कोकणातले का? की देशावरचे? म्हणजे साधारण कोण?" मी म्हणायचे, "साधारण लेखक."

पुस्तक आलं आणि गाळ्यात निवांत पडून राहिलं. मग काही महिन्यांनी शहरातल्या कुठल्याशा उंच इमारतीतल्या लिफ्टमधली एक क्लिप सगळ्यांच्या फोनवर फिरली. एका नटीचं बापाशी भांडण. ती इमारत शशीच्या कॉम्प्लेक्सपासून कितीतरी लांब. पण कुणाला तरी आमची कादंबरी आठवली आणि वाट लागली. वाहिन्यांनी आरोळी ठोकली, "हे भाकीत करणारा लेखक कोण?" भाकीत कसलं! लिफ्ट आणि कॅमेरा एकत्र आले की हे होणार हे कुठल्याही वॉचमनला विचारा. पण आता शशीचा धोका वाढला होता. कादंबरीत लिफ्टमधली क्लिप, आणि लिहिणारी बाई रोज लिफ्टचे कॅमेरे बघते, एवढं कळल्यावर पुढचं कोण ऐकून घेणार होतं? नोकरी तर गेलीच असती, क्लिप फोडल्याचा आळही तिच्यावर आला असता. तिचा त्या क्लिपशी काडीचा संबंध नव्हता. निर्दोष आहोत हे सिद्ध करायला वकील लागतो, आणि तो तिला परवडणार नव्हता.

मी भाऊंना बजावलं. भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, "मेलंय तरी नाव सांगूचंय नाय." आणि खरंच, वाहिनीच्या कॅमेऱ्यापुढे त्यांनी नाव सांगितलं नाही. वय नाही, बाई की पुरुष तेही नाही. पठ्ठ्या खांबासारखा उभा राहिला. मग वाहिनीच्या वार्ताहर मुलीने निघता निघता सहज विचारलं, "मुंबईतलेच आहेत का हो?" आणि भाऊ अभिमानाने फुलून म्हणाले, "म्हणजे काय! आपल्या कांजूरचे!"

मी डोक्याला हात लावला.

"काय झाला गो?" भाऊ नंतर मलाच विचारतात. "मी नाव खंय सांगलंय?"

उपनगरातल्या माणसाची ही खोड आहे. तो जीव गेला तरी गुपित फोडणार नाही, पण स्टेशन सांगेल. स्टेशन सांगणं म्हणजे काही सांगणं, असं त्याला वाटतच नाही. आमच्याकडे माणसाची ओळख पडते तीच तशी. मुलुंडची मावशी, भांडुपचा मामा. भाऊंनी लेखकाला घरचं माणूस मानलं होतं, म्हणून स्टेशन तोंडातून निसटलं. ते कळल्यावर बिचारे दोन दिवस जेवले नाहीत नीट.

कादंबरीतली वस्ती पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनीला लागून आहे आणि संध्याकाळी वारा फिरला की तिथे कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो. कांजूर हा शब्द मिळाल्यावर ती गल्ली शोधायला फार अक्कल लागत नाही. एका दुपारी शशीचा फोन आला. तिची सुट्टी होती.

"ताई, आल्या त्या वाहिनीवाल्या."

"कुठपर्यंत?"

"नळापर्यंत."

"तू आत बस. कडी लावून घे."

"काहीतरीच काय ताई! दिवसा कडी लावली तर पहिला संशय माझ्यावरच. आमच्यात दुपारी दार लावतं कोण? मी पाणी भरतेय."

मी रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी वाहिनीची गाडी उभी होती. आत नळापाशी ती वार्ताहर मुलगी, हातात आमचं पुस्तक, मागे कॅमेरावाला. आणि तिच्यापुढे, गाऊनवर ओढणी घेतलेली, हंडा भरत उभी असलेली शशी.

"ताई, हे पुस्तक इथे कुणाकडे बघितलंय?" मुलगी विचारत होती.

शशीने ओढणीला हात पुसले. पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "काय आहे यात?"

मुलगी हळू आणि मोठ्याने बोलायला लागली, बहिऱ्याशी बोलावं तसं. "ही एक गोष्ट आहे हां. एक शहर असतं. तिथे सगळीकडे कॅमेरे असतात. समजलं का? आणि एक मुलगी असते, तिला त्याचा त्रास होतो."

"आई गं," शशी म्हणाली. "मग शेवटी काय होतं?"

"शेवट…" मुलगी जराशी अडखळली. "शेवट अजून वाचला नाहीये मी."

"वाचा की मग. एवढं लांब आलात." आणि पुस्तक परत करून शशीने दुसरा हंडा नळाखाली लावला.

तेवढ्यात त्या मुलीने मला पाहिलं. गाळ्यात तिने मला बघितलेलं होतं. तिचे डोळे चमकले. "मॅडम, तुम्ही इथे? म्हणजे लेखक इथेच राहतो!"

मला रागच आला, आणि रागात मला नेहमी बरं सुचतं. "पुस्तक आमचं आहे," मी म्हटलं. "तुम्ही ते घेऊन लोकांच्या दारादारात फिरणार असाल तर मी मागे येणार. उद्या बोरिवलीला गेलात तर बोरिवलीला येईन. मढला गेलात तर बोटीने येईन. आत्ता इथे आलात म्हणून इथे आले."

"लोकांना जाणून घ्यायचा हक्क आहे, मॅडम."

"आहे ना. म्हणून तर छापलंय. दुकानात मिळतं."

ती वळली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून सुरू झाली. "याच गल्लीत दडला आहे तो गूढ लेखक, ज्याने…"

शशीच्या शेजारच्या खोलीतला टीव्ही मोठा झाला. तिथे सुलभामावशी राहतात, ब्लाउज शिवतात. मुलीने पुन्हा सुरुवात केली. समोरच्या खोलीतला टीव्ही मोठा झाला. मग त्याच्या पलीकडचा. मग गल्लीच्या टोकापर्यंत एकेक करून सगळे. कुठे मालिकेतली सासू रडत होती, कुठे क्रिकेट, कुठे भक्तिगीतं, आणि एका घरात खुद्द तिच्याच वाहिनीवरचे चार विद्वान एकमेकांवर ओरडत होते. कॅमेरावाल्याने कानावरचे हेडफोन काढले. "मॅडम, आवाज मिळत नाय."

"मावशी, जरा आवाज कमी करा ना!" मुलगी सुलभामावशींच्या दारात जाऊन ओरडली.

"काय?"

"आवाज! टीव्हीचा!"

"काय ऐकू येत नाय गं बाय. टीव्ही चालूय ना!"

कुणी तिला अडवलं नाही, कुणी उलटून बोललं नाही. माणसं आपापल्या उंबऱ्यावर पाठमोरी बसली होती. एक म्हातारा दाढी करत होता, एक बाई तांदूळ निवडत होती. त्या मुलीने प्रत्येक दारात विचारलं आणि प्रत्येक दारात तिला मान खाली घातलेलं माणूस दिसलं. शेवटी गाडी निघून गेली. एकेक टीव्ही खाली आला आणि नळावरची बाई शशीला म्हणाली, "हो पुढे, माझा हंडा लावायचाय."

मी नंतर शशीला विचारलं, "यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना माहितीये ताई. बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत वर्षभर बसून लिहिलं मी. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

वाहिनीने कार्यक्रम केलाच. पडद्यावर काळी सावली दाखवली, त्यावर प्रश्नचिन्ह. सावली पुरुषाची होती आणि तिने कोट घातला होता. शशी तो कार्यक्रम आईबरोबर बघत होती. आई म्हणाली, "हा कोण गं?" शशी म्हणाली, "मी."

शशीची नोकरी टिकली. भाऊंनी नंतर तासाभराच्या खास मुलाखतीलाही नकार दिला. त्यांना मोह झाला नव्हता असं नाही, पण दिला.

माझी खंत वेगळीच आहे. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या, चर्चासत्रं झाली, पण जो तो लेखकाचा माग काढत बसला. वस्तीतली माणसं नजर वळवायला कशी शिकली, हे पानापानावर लिहिलंय. त्याबद्दल मला आजवर एकानेही फोन केला नाही. आणि हो, एक चांगली लेखिका चार लोकांत ताठ मानेने बसून "हे मी लिहिलं" म्हणू शकली नाही याचंही वाईट वाटतं. मला अजूनही वाटतं, आपल्या माणसांचं नाव पुस्तकावर दिसायला हवं. पण ते लावायचं की नाही हे ठरवायचा हक्क तिचा आहे. माझा नाही, तुमचा तर नाहीच.

हा लेख लिहिण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा ताई. फक्त मला सापडू नका देऊ." म्हणून वर जे बदलायला हवं होतं ते मी बदललंय. काय काय, ते विचारू नका. माझा जन्म या कामात गेलाय.

शशी कातळे संपले, एका पुस्तकाचे लेखक होते, असं हल्ली लोक लिहितात. लिहू देत. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी आमच्याकडून आणखी एक कादंबरी आली. लिहिणारी तीच, नाव पूर्ण वेगळं. वाहिनी आली नाही, गाडी आली नाही, सावल्या दिसल्या नाहीत. लोकांनी ती नुसती वाचली. गोष्टीबद्दल पत्रं लिहिली, शेवटावरून भांडली. ती पत्रं तिला नेऊन दिली तेव्हा ती गॅसपाशी उभ्या उभ्या सगळी वाचत राहिली आणि दूध उतू गेलं.

तुमच्या कपाटात ती कादंबरी असेलही. आवडली असेल तर दुसऱ्याला वाचायला द्या. मागच्या पानावर लेखकाचा फोटो नाही, तो चुकून राहून गेलेला नाही.